नोंदवहीतून दाखल्याकडे

दाखला, नक्कल, नमुना, तारीख, दप्तर हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि असे रुळले, की त्यांचे परकेपण आपल्याला आठवतही नाही. जुन्या हैदराबाद संस्थानात उर्दू, तेलुगू, मराठी आणि कानडी या चार भाषा शेजारी शेजारी नांदत होत्या. एकाच माणसाचे नाव शाळेत एका लिपीत, महसुलाच्या कागदात दुसऱ्या लिपीत आणि घरच्या मोडी पत्रव्यवहारात तिसऱ्याच लिपीत असे. १९५६ साली संस्थानाची विभागणी होऊन मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला. परंतु जुन्या कागदांचे महत्त्व त्यामुळे संपले नाही. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे निर्णय काढला. कुणा अज्ञात कारकुनाने फार पूर्वी एका रकान्यात कोणता शब्द लिहिला, हा प्रश्न त्यामुळे आजच्या कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा झाला. त्या वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. रकान्यातला शब्द किती दूरवर जातो, एवढेच मला दाखवायचे आहे.

आजचा विषय त्या कारकुनाच्या कामाचाच आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून नाव, जन्मतारीख, इयत्ता पाहून छापील दाखल्यावरच्या टिंबांच्या ओळींत ती उतरवायची, हे काम पिढ्यान्‌पिढ्या हातांनी झाले. आता ते संगणक करतो. यादी एकीकडे, कोरा नमुना दुसरीकडे. मधले उतरवून घेणे यंत्राकडे. भाषेच्या प्राध्यापकाने यावर का बोलावे, असे कुणी विचारील. अखेरीस हा प्रश्न नावे नीट लिहिण्याचा आहे, आणि तो माझ्या विषयाबाहेरचा नाही.

यादी आणि नमुना यांचे नाते आपल्याला नवे नाही. शेतकऱ्याच्या तोंडचा सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड : एकात जमिनीचा हक्क, दुसऱ्यात पिकांची नोंद. तलाठ्याच्या दप्तरातल्या नोंदी ठरलेल्या चौकटीत उतरल्या, की उतारा तयार. आपल्या शहरातही हे रूपांतर लवकर सुरू झाले. डिसेंबर १९९९ मध्ये 'ट्विन्स' या नावाने प्रयोग झाला, २००१ साली त्यातून 'ई-सेवा' आली आणि २०११ साली 'मी-सेवा'. मात्र ही सरकारी यंत्रणा मोठ्या खर्चाची, तज्ज्ञांनी बांधलेली. शाळेचा एक लिपिक असे काही स्वतः उभारू शकेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. ते शक्य केले 'लो-कोड' साधनांनी. या शब्दाला मराठी प्रतिशब्द घडवण्याचा मोह मी आवरतो. ज्यात आज्ञावली लिहावी लागत नाही, तयार ठोकळे एकापुढे एक मांडून कामाचा क्रम सांगता येतो, ते लो-कोड साधन, एवढे समजले की पुरे. मायक्रोसॉफ्टचे पॉवर ऑटोमेट हे त्यांपैकी एक; २०१६ साली 'फ्लो' या नावाने आलेल्या या साधनाला आजचे नाव २०१९ मध्ये मिळाले.

प्रथम नमुन्याचा विचार करू. पीडीएफ हा प्रकार १९९३ साली ॲडोबी कंपनीने आणला. कागद जसा छापला तसाच सर्वत्र दिसावा, हा त्याचा हेतू. अशा फाइलमधली टिंबांची ओळ हे नुसते चित्र असते. तिच्यावर काय लिहायचे हे यंत्राला कळत नाही. १९९६ पासून तिच्यात भरता येण्याजोगे रकाने ठेवण्याची सोय झाली. अशा प्रत्येक रकान्याला एक आतले, वाचकाला न दिसणारे नाव असते. कागदावर 'विद्यार्थ्याचे पूर्ण नाव' छापलेले असेल, पण यंत्र ओळखते ते 'नाव१' हे आतले नाव. नमुना करणाऱ्याने ही नावे आळसाने 'टेक्स्ट१', 'टेक्स्ट२' अशीच राहू दिली, तर पुढे वडिलांच्या जागी आईचे नाव पडायला वेळ लागत नाही. कर्ता कोण आणि कर्म कोण हे आपण प्रत्ययावरून ओळखतो. येथे ते काम रकान्याच्या नावाचे आहे.

दुसरी बाजू यादीची. एका आडव्या ओळीत एकच विद्यार्थी आणि एका उभ्या स्तंभात एकच गोष्ट, हा नियम कसोशीने पाळावा. 'जन्मतारीख व जन्मस्थळ' असा जोडस्तंभ माणसाला वाचता येतो, यंत्राला नाही. यादी शेअरपॉइंटमध्ये असो वा एक्सेलच्या तक्त्यात, तिच्यात आणखी दोन स्तंभ अवश्य असावेत : 'तपासले' आणि 'दाखला दिला'. पहिल्यात होकार असल्याखेरीज ओळ पुढे जाऊ नये. दुसऱ्यात तारीख पडली, की तीच ओळ पुन्हा उचलली जाऊ नये.

मग क्रम असा लागतो. यादीत एखादी ओळ 'तपासले' झाली, की काम सुरू होते. कोरा नमुना उघडला जातो. स्तंभातली माहिती रकान्यांत पडते. फाइल विद्यार्थ्याच्या दाखल-क्रमांकाने साठवली जाते. यादीत तशी नोंद होते. हवे असल्यास पालकांना पत्र जाते. येथे एक अडचण आहे. पॉवर ऑटोमेटकडे पीडीएफचे रकाने भरणारा स्वतःचा तयार ठोकळा नाही. तो दुसऱ्या कंपन्यांकडून घ्यावा लागतो, नाहीतर वर्डमध्ये नमुना करून, त्यातल्या राखीव जागा भरून, मग त्याचे पीडीएफ करावे लागते. या दुसऱ्या वाटेलाही अधिक पैशांचा परवाना लागतो. तरीही मराठी शाळेने ही दुसरी वाट धरावी, असे माझे मत आहे.

त्याचे कारण देवनागरी. 'क्षितिज' हा शब्द घ्या. संगणक 'क्ष' हे एक अक्षर म्हणून साठवत नाही. क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे साठवतो. 'क्षि'मधली ऱ्हस्व वेलांटी आपण व्यंजनाच्या आधी लिहितो, पण युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. पडद्यावर योग्य रूप दिसते, कारण चिन्हे जुळवून अक्षर घडवणारी एक यंत्रणा मध्ये काम करते. पीडीएफचे रकाने भरणाऱ्या पुष्कळ साधनांत ती नसते. मग जोडाक्षरे सुटतात, वेलांटी भलत्या बाजूला पडते, आणि कधी अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी उमटतात. वर्डमध्ये ही जुळणी नीट होते. त्याहून वाईट अवस्था जुन्या याद्यांची. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेली नावे प्रत्यक्षात रोमन चिन्हेच असतात, वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. अशी यादी आधी युनिकोडमध्ये आणून, नावागणिक वाचून घ्यावी. त्याला जवळची वाट नाही.

तारखेचा घोटाळा याहून गुपचूप होतो. यादीत जन्मतारखेबरोबर वेळही साठवली, तर पुष्कळ यंत्रणा ती ग्रीनिचच्या काळाप्रमाणे ठेवतात. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे ५ ऑगस्टची मध्यरात्र तेथे ४ ऑगस्टची सायंकाळचे साडेसहा होते, आणि रूपांतराचा ठोकळा विसरला तर दाखल्यावर ४ ऑगस्ट छापले जाते. एका दिवसाने काय बिघडते, असे म्हणू नये. शाळेतील प्रवेश, परीक्षा, नोकरी, निवृत्ती या सर्व ठिकाणी पुढे तीच तारीख विचारली जाते. जन्मतारखेचा स्तंभ वेळेविना ठेवावा आणि दाखल्यावर महिना अक्षरी छापावा. दाखल-क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर तो स्तंभ मजकुराचा ठेवावा. एक्सेल आरंभीचे शून्य बिनदिक्कत गिळते.

आता नावाकडे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली रीत. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव आधी, तेही बहुधा आद्याक्षराने. आपली मुले दोन्ही रीतींत वाढतात. तेलंगणातल्या शाळेतून पुण्याला वा नांदेडला गेलेल्या मुलाचे आडनाव तेथे पहिले नाव ठरते, आणि रोमन लिपीत 'क्ष'साठी कुणी एक्स तर कुणी के-एस-एच लिहितो. भरीला महाराष्ट्राने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम आणला आहे. 'पूर्ण नाव' असा एकच स्तंभ ठेवणाऱ्या शाळेला हा बदल ओळीओळीने हाताने करावा लागेल. चार वेगळे स्तंभ असतील, तर नमुन्यात जागा बदलली की झाले. हाताने लिहिताना चूक एका दाखल्यापुरती राहत असे. आता यादीतली चूक तिच्यातून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर जाते, आणि छापील ठसठशीतपणामुळे ती अधिक खरीही वाटते. म्हणून वाचलेला लेखनाचा वेळ यादी वाचण्यात घालवावा, आणि ती मुलाच्या आईवडिलांसमोर एकदा मोठ्याने वाचावी.

दोन सावधगिऱ्या थोडक्यात. भरलेल्या पीडीएफचे रकाने उघडे राहिले तर ते कुणीही बदलू शकतो. म्हणून ते शेवटी सपाट करून टाकावे लागतात. डिजिटल स्वाक्षरी ही याहून वेगळी गोष्ट आहे. दुसरी सावधगिरी अशी, की दुसऱ्या कंपनीचा ठोकळा वापरला तर मुलांची माहिती तिच्या संगणकावर जाते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे आणि अठरा वर्षांखालील मुलांबाबत तो पालकांच्या संमतीचा आग्रह धरतो.

जुन्या रजिस्टरांचा प्रश्न माजी विद्यार्थी नेहमी विचारतात. त्यांची यादी करताना नावाचे दोन स्तंभ असावेत : मूळ नोंदीत जसे आहे तसे, चुकीसह, आणि आज विद्यार्थी लिहितो तसे. दाखल्यावर पहिलेच जावे. दुसरे वापरायचे असेल तर मुख्याध्यापकांचा आदेश आणि त्याची तारीख तिसऱ्या स्तंभात नोंदवावी. यादीतल्या पूर्वीच्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय शेअरपॉइंटमध्ये आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करून, बदल करण्याची मुभा दोघांपलीकडे कुणाला देऊ नये.