‘अरे, पण ती तर बाई होती ना?’

शुक्रवारची संध्याकाळ. अमृततुल्यमध्ये चहा, क्रीमरोल आणि नेहमीचं बॉसपुराण. मध्येच मित्र म्हणाला, “लहानपणी मला सांभाळायला लांबची मावशी यायची. दहा वर्षांचा झालो तरी दार लावून आंघोळ घालायची. पण ते आंघोळ घालणं नव्हतं गं.”

आणि मी? मास कॉमची डिग्रीवाली, जेंडरवर लेख पाडणारी मी चक्क म्हणाले, “अरे, पण ती तर बाई होती ना?”

तो हसला. विषय बदलला. पुढचे सहा महिने त्याने तो काढलाच नाही.

‘तसला माणूस’ म्हटलं की आपल्याला पुरुषच दिसतो. बहुतेक वेळा तो असतोही. पण बाईने पोराचे कपडे बदलले, कुशीत झोपवलं, तर कोणाला खटकतं? तिथेच सगळं झाकलं जातं. मुलगा असेल तर अजूनच. २००७च्या केंद्र सरकारच्या अभ्यासात ५३ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा अनुभव सांगितला, त्यात निम्म्याहून जास्त मुलगे होते! २०१२चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी दोघांसाठी आहे. आणि त्यातली गंभीर कलमं बाईलाही लागू होतात, हे ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने स्पष्ट केलं.

मग ओळखायचं कसं? मोठ्या झालेल्या मुलाची आंघोळ-कपडे स्वतःच करण्याचा हट्ट, ‘हे आपलं सिक्रेट’ची भाषा. मूल त्या व्यक्तीकडे थांबायला अचानक नको म्हणतं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे. पण शांतपणे विचारा, ऐका. संशय असेल तर १०९८ फिरवा. पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारकच आहे.

आणि मोठेपणी कुणी सांगितलं तर? ‘तेव्हाच का नाही बोललास?’ नको. ‘लकी आहेस’ टाइप जोक तर नकोच नको. शरीराने प्रतिसाद दिला असेल, तरी ती संमती नसते, हे त्याला सांगा. काउन्सेलरचं सुचवा, ढकलू नका. आणि परस्पर कुणाला सांगू नका. (हे मी त्याला विचारूनच लिहितेय.)

गेल्या आठवड्यात, त्याच टेबलावर, मीच विषय काढला. “त्या दिवशी मी चुकीचं बोलले. माझा तुझ्यावर विश्वास आहे.”

तो बराच वेळ ग्लासकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आई अजून दर दिवाळीला तिला साडी पाठवते.”

या वेळी मी मध्ये बोलले नाही.