शून्य आणि संख्यांचें कुटुंब

कर्जरोखा असो वा धनादेश असो, त्यावर रक्कम दोनदां लिहितात. एकदां आंकड्यांत व एकदां अक्षरांत. ही सावधगिरी कशासाठीं? ५०० या आंकड्यापुढें एक वाटोळें चिन्ह वाढविलें कीं ५,००० होतात. अक्षरांत मात्र तशी लबाडी सहजासहजीं साधत नाहीं. आमच्या शहाद्याच्या बाजारांत कापूस किंवा मिरची विकण्यास आलेल्या निरक्षर शेतकऱ्यानें कागदावर अंगठा उठविला, तर त्याचें वर्षाचें पोट या एका चिन्हावर अवलंबून राहतें. ज्यास आपण 'कांहीं नाहीं' म्हणतों, त्याच्या अंगीं कर्ज दसपट करण्याचें सामर्थ्य आहे. म्हणून शून्य म्हणजे काय, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे.

शून्याचीं कामें दोन आहेत. पहिलें, रिकामें घर राखण्याचें. जुन्नरजवळील नाणेघाटांत सातवाहनांच्या काळचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा लेख आहे. त्यांत दहास, शंभरास व हजारास निरनिराळीं चिन्हें आहेत; शून्य नाहीं. अशा पद्धतींत संख्या जशी मोठी होत जाते, तशीं नवीं चिन्हें शोधावीं लागतात. पुढें एकं, दहं, शतं अशी स्थानांची योजना झाली आणि नऊ अंक व एक शून्य एवढ्यांवर सर्व व्यवहार भागूं लागला. ३०५ मधील शून्य 'येथें दशक नाहीं' एवढेंच सांगतें. पण तें न सांगितलें, तर तीनशें पांचाचे पस्तीस होतात.

दुसरें काम अधिक सूक्ष्म आहे. शून्य ही स्वतः एक संख्या आहे. इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथांत शून्याशीं बेरीज, वजाबाकी व गुणाकार कसे करावे याचे नियम दिले. त्याच ठिकाणीं त्यानें धन आणि ऋण या संख्यांचेहि नियम सांगितले. हे शब्द सावकारीच्या वहींतलेच आहेत. गांठीं शंभर रुपये असणें हें धन, शंभर देणें असणें हें ऋण, आणि देणें फिटून हातीं कांहीं न उरणें हें शून्य. कर्जांत बुडालेल्या माणसास विचारा. शून्यावर येणें ही केवढी कमाई आहे, तें तो सांगेल!

आतां या कुटुंबांतील इतर मंडळी पाहूं. प्रत्येक नव्या संख्येचा जन्म एखाद्या अडलेल्या प्रश्नांतून झाला आहे. गुरें मोजतांना १, २, ३ या नैसर्गिक संख्या पुरल्या. त्यांत शून्य मिळविलें कीं त्यांस पूर्ण संख्या म्हणतात. तीनांतून पांच कसे वजा करावे, असा प्रश्न पडतांच ऋण संख्या आल्या आणि सर्व मिळून पूर्णांक संख्या झाल्या. चार भाकऱ्या तिघांत वांटावयाच्या झाल्या, तेव्हां अपूर्णांक हवे झाले. आपल्या वडिलांनीं पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी यांचे पाढे घोकले, ते याच परिमेय संख्यांचे. परंतु एक गज बाजूच्या चौरसाचा कर्ण मोजूं गेलें, तर कोणताहि अपूर्णांक त्यास तंतोतंत लागत नाहीं. दोहोंचें वर्गमूळ १·४१४... असें पुढें चालतच राहतें. ही अपरिमेय संख्या. आपले जुने गणिती अशा मुळास 'करणी' म्हणत. परिमेय व अपरिमेय मिळून वास्तव संख्या होतात.

एका ठिकाणीं मात्र शून्य हट्टी आहे. बारास तिहींनीं भागलें तर चार येतात, कारण तीन चोक बारा. पण बारास शून्यानें भागावयाचें, तर शून्यास कितींनीं गुणिलें असतां बारा येतील? कितींनींहि नाहीं. शून्यास शून्यानें भागूं गेलें, तर उलट कोणतेंहि उत्तर चालेल. म्हणून आजचें गणित शून्यानें भागण्यास मनाई करितें. भास्कराचार्यांनीं अशा राशीस 'खहर' हें नांव देऊन ती अनंत मानिली. भाजक एक, अर्धा, दशांश, शतांश असा लहान करीत गेलें, तर भागाकार १२, २४, १२०, १,२०० असा वाढत जातो. अनंताची कल्पना त्यावरून ध्यानांत येते.

याच आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या खानदेशांत, चाळीसगांवाजवळील पाटण येथें मठ स्थापिला. त्यास इ. स. १२०७ मध्यें दिलेल्या दानाचा शिलालेख तेथें आहे. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठींत असून त्यांत बाजारांतील मालावर मठासाठीं ठरविलेला वांटा नमूद आहे. गणिताचें अध्ययन बाजारानें पोसलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

ऋण संख्येस वर्गमूळ नाहीं, असें भास्कराचार्य म्हणत. सोळाव्या शतकांत युरोपांतील गणित्यांनीं हेंहि बंधन ओलांडलें व काल्पनिक संख्या आणिल्या. नांव काल्पनिक असलें, तरी त्यांचा उपयोग खरा आहे. ज्या विद्युल्लहरींवरून हे शब्द आपल्या घरीं पोंचत आहेत, त्यांचें गणित त्यांच्याच साह्यानें सुलभ होतें.

तेव्हां घरच्या मुलांस संख्यांच्या नुसत्या व्याख्या घोकावयास लावूं नका. ही संख्या कोणत्या अडचणींतून आली, एवढें त्यांस विचारा. आणि कोणी कागदावर सही मागितली, तर शून्यें मोजून मगच लेखणी उचलावी, हेंहि त्यांस आजच शिकवा.