आवाज आणि अभिज्ञान : ‘छोट्या जलपरी’चे माध्यमांतर

परीकथेवरून चित्रपट निघाला की तो मूळ कथेशी कितपत प्रामाणिक आहे, हा प्रश्न प्रथम विचारला जातो आणि बहुधा चर्चा तेथेच थांबते. हान्स क्रिस्तियन अँडरसनची ‘छोटी जलपरी’ ही डॅनिश कथा (१८३७) आणि डिस्ने कंपनीचा ‘द लिटल मरमेड’ हा संगीतप्रधान ॲनिमेशनपट (१९८९) यांच्याबाबतीत या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता अगदी सोपे आहे. कथेतील नायिकेला प्राणास मुकावे लागते, चित्रपटात तिचे लग्न होते. धंदेवाईक चित्रसृष्टीने शोकात्म कथेला गोड शेवट जोडला, एवढे म्हणून समीक्षक मोकळा होतो. परंतु शेवट हा कृतीला बाहेरून चिकटवता येत नाही. तो तिच्या रचनेतूनच उद्भवावा लागतो. या चित्रपटातील सुखान्त कोणत्या रचनाबदलातून उद्भवला, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. तो बदल जलपरीच्या आवाजाशी निगडित आहे, असे येथील प्रतिपादन आहे.

१

अँडरसनच्या कथेत समुद्रराजाच्या धाकट्या कन्येला दोन गोष्टींची ओढ आहे : एक राजपुत्राची आणि दुसरी अमर आत्म्याची. जलपऱ्या तीनशे वर्षे जगतात आणि मग त्यांचा समुद्रफेस होतो; त्यांना आत्मा नसतो. मनुष्याने मनापासून प्रेम करून विवाह केला, तरच त्याच्या आत्म्याचा अंश जलपरीला लाभू शकतो. चेटकीण तिला पाय देते, मोबदल्यात आवाज मागते आणि त्यासाठी तिची जीभ कापून घेते. ही चेटकीण भयंकर असली तरी कपटी नाही. हा वेडेपणा आहे, यातून दुःखच पदरी येईल, असे ती आधीच बजावते आणि सौद्यातील एकही अट लपवीत नाही.

पुढे राजपुत्र शेजारच्या राज्यातील राजकन्येशी विवाह करतो, कारण आपले प्राण तिनेच वाचवले अशी त्याची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, पण तीत कोणाची लबाडी नाही. वादळातून त्याला किनाऱ्यावर आणले जलपरीने; परंतु तो शुद्धीवर आला तेव्हा समोर दिसली ती दुसरीच तरुणी. जलपरी तिच्यासारखी दिसते, असे तो जलपरीलाच सांगतो. ओळख अगदी उंबरठ्याशी येऊन परत फिरते. येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. राजपुत्राने जलपरीचा आवाज कधी ऐकलेलाच नाही. त्यामुळे तिला तो परत मिळाला असता, तर ती सत्य सांगू शकली असती. पण केवळ आवाजावरून त्याने तिला ओळखले नसते. आवाज हे या कथेत ओळखीचे साधन नाही. ते त्यागाचे द्रव्य आहे.

म्हणूनच कथेचा शेवट मीलनात होऊ शकत नाही. बहिणी आपले केस चेटकिणीला देऊन सुरी आणतात. राजपुत्राचा वध केल्यास जलपरीला पूर्वस्थिती लाभणार असते. ती सुरी समुद्रात फेकून देते, स्वतःला लाटांवर झोकून देते आणि वायुकन्यांत सामील होते. आता तीनशे वर्षांच्या सत्कृत्यांनी ती आत्मा मिळवू शकेल. हा शेवट उपदेशपर ठिगळ वाटतो, अशी तक्रार अनेकदा केली जाते. परंतु अँडरसनने कथेला प्रथम योजलेले नाव ‘वायुकन्या’ असेच होते. शिवाय, फूकेच्या ‘उंडिने’प्रमाणे (१८११) नायिकेची आत्मप्राप्ती परक्याच्या प्रेमावर अवलंबून ठेवायची नाही, हा आपला हेतू त्याने कवी इंगेमान याला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केला होता. ज्याची ओळख कोणालाच कधी पटणार नाही, अशा जीवाच्या कृतीलाही अर्थ असतो, हे या कथेचे आशयसूत्र म्हणता येईल.

२

जॉन मस्कर आणि रॉन क्लेमेंट्स दिग्दर्शित चित्रपटापुढे एक माध्यमगत पेच होता. गद्य कथेत नायिका मुकी झाली तरी निवेदक तिच्या अंतरंगाची वार्ता वाचकाला देत राहतो. संगीतपटात नायिकेचे अंतरंग गीतातून प्रकट होते. तिचा कंठ गेला म्हणजे अभिव्यक्तीचे मुख्य साधनच गेले. गीतकार हॉवर्ड ॲशमन आणि संगीतकार ॲलन मेंकन हे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून आलेले. नायिकेची आकांक्षा आरंभीच एका गीतात प्रस्थापित करायची आणि तिच्या बळावर पुढील कथानक चालवायचे, ही तेथील संगीतिकांची रीत त्यांनी येथे आणली. चाचणी प्रयोगाच्या वेळी बालप्रेक्षक चुळबुळ करू लागले म्हणून हे गीत वगळण्याचा विचार झाला होता. ते राहिले, हे रचनेच्या दृष्टीने निर्णायक ठरले. कारण जो आवाज प्रेक्षकाने मन भरून ऐकला आहे, त्याचेच हरपणे त्याला जाणवू शकते. पद हे कथानकाचा अलंकार नसून त्याचा सांधा असते, ही गोष्ट ‘संगीत शाकुंतल’पासूनची (१८८०) नाट्यपरंपरा जाणणाऱ्या मराठी अभ्यासकाला वेगळी सांगावयास नको.

यापुढचा बदल अधिक मूलगामी आहे. चित्रपटातील राजपुत्र एरिक शुद्धीवर येत असताना एरियल त्याच्याजवळ गात असते. तो त्या आवाजाचाच ध्यास घेतो. चेटकीण अर्सुला तिची जीभ कापीत नाही. एरियल शब्दावाचून आलाप घेते आणि तो आवाज प्रकाशरूपाने कंठातून निघून शंखात बंदिस्त होतो. कापलेली जीभ पुन्हा जोडता येत नाही; शंखातला आवाज मात्र परत मिळू शकतो, तसाच तो दुसऱ्याच्या गळ्यातही जाऊ शकतो.

अशा वस्तूला आपल्या काव्यविचारात नाव आहे : अभिज्ञान. कालिदासाच्या नाटकात मुद्रिका हरवते, ओळख मावळते. मुद्रिका सापडते, स्मृती जागी होते. प्रभावाचा प्रश्न येथे उद्भवत नाही. तुलना रचनेपुरती आहे. एरियल मुकी आहे असे कळताच एरिक ठरवतो की आपण शोधतो आहोत ती ही नव्हे. अर्सुला तरुणीचे रूप घेऊन, तोच शंख गळ्यात घालून येते आणि त्याला मोहिनी घालते. शंख फुटतो, आवाज स्वस्थानी परततो आणि ओळख पटते. अभिज्ञानाची रचना स्वीकारली की वियोग हा तात्पुरता ठरतो. मीलन हे तिचे स्वाभाविक पर्यवसान होय. त्याचबरोबर दोषाचेही स्थलांतर होते. कथेत कोणीच अपराधी नव्हते. चित्रपटात सर्व दोष अर्सुलावर एकवटतो आणि तिच्या वधाने निवारला जातो. आत्म्याचा प्रश्न अर्थातच गळून पडतो, कारण या रचनेत त्याला जागाच उरत नाही.

३

या रूपांतरात केवळ हानीच झाली, असे म्हणणे मात्र एकांगी ठरेल. पुरुषांना बोलक्या स्त्रिया आवडत नाहीत, हा युक्तिवाद चित्रपटाने चेटकिणीच्या तोंडी घातला आहे आणि पुढील कथानकाने तो खोडून काढला आहे. एरिक शोधतो आहे तो आवाजच. उलट, एरियलला कायमचे पाय शेवटी पित्याच्या संमतीने मिळतात आणि सागर सोडावा लागतोच, हेही विसरता येत नाही.

याहून लक्षणीय असा एक प्रसंग आहे. एरिक हातातील बासरी समुद्रात फेकून देतो. स्मृतीतल्या आवाजाचा नाद सोडून समोरच्या मुक्या मुलीला वरण्याचा निश्चय त्याने केलेला असतो. नेमक्या त्याच क्षणी अर्सुलाचा, म्हणजेच चोरलेला, आवाज ऐकू येतो. येथे चित्रपट क्षणभर आपल्याच रचनेपलीकडे जाऊ पाहतो : खुणेवाचूनही माणसाला माणूस ओळखता येईल काय? अँडरसनच्या कथेतील राजपुत्राला हे साधले नव्हते. एरिकला साधू लागते, तोच कथानक पुन्हा अभिज्ञानाच्या वाटेला वळते.

२०२३ साली याच कंपनीने प्रत्यक्ष नटांना घेऊन हा चित्रपट पुन्हा काढला. त्यात चेटकिणीचा अंत नायिकेच्याच हातून होतो. परंतु शंखातील आवाजाची योजना कायम आहे. बाकीचे तपशील बदलता येतात, हा आधार मात्र काढता येत नाही, याचाच हा पुरावा मानता येईल.

तेव्हा माध्यमांतराचा विचार करताना काय गाळले आणि काय जोडले यांची यादी पुरेशी नाही. एखादा घटक एका कृतीत कोणते कार्य करीत होता आणि दुसरीत कोणते करू लागला, हे पाहावे लागते. जलपरीचा आवाज कथेत त्याग होता, चित्रपटात तो खूण झाला. एवढ्या एका पालटातून दोन भिन्न जीवनदृष्टी उभ्या राहिल्या. आपण ओळखले जाऊ, ही आशा चित्रपट देतो. ओळखले न जाताही चांगले राहता येते, हे कथा सांगते. विद्यार्थ्यांपुढे या दोन्ही कृती शेजारी शेजारी ठेवल्या पाहिजेत. कारण पहिल्या आश्वासनाची सवय जडलेल्या वाचकालाच दुसऱ्याचे मोल समजावून देणे सर्वांत कठीण असते.