एकच कलम, दोन वाचने

मागे एका द्वारसभेत एका कामगाराने आम्हांस विचारले, "घटना एकच, मग एकाच कलमाचे निकाल दोन कसे?" आम्ही वकील नव्हे, कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवता झिजवता घटना वाचावयास शिकलो. तथापि तो प्रश्न टाळणे म्हणजे लबाडी झाली असती. आजचे विवेचन हे त्याला दिलेले उत्तरच समजावे.

आपल्या घटनेचे २१ वे कलम अगदी लहान आहे. कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीवाचून कोणाचेही जीवित वा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, एवढेच ते सांगते. वाद आहे तो 'कार्यपद्धती' या शब्दाचा. ती कायद्यात लिहिलेली असली म्हणजे पुरे, की ती न्याय्यही असली पाहिजे?

न्याय्यच असावी, असे कोणीही चटकन म्हणेल. अमेरिकेच्या घटनेत तसाच आग्रह आहे. पण त्याचे फळ पाहा. न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की, पावभट्टीतील कामगाराला दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांहून अधिक राबवू नये. १९०५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो रद्द केला. कारण काय, तर त्यामुळे कामगाराचे करार करण्याचे स्वातंत्र्य हिरावले जाते! गरिबाच्या स्वातंत्र्याचे कलम असे मालकाच्या कामी आले.

आपल्या घटनाकारांना याची जाण होती. घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव अमेरिकेत न्या. फ्रँकफर्टर यांना भेटून आले आणि मसुद्यातून ते अमेरिकन शब्द वगळले गेले. डिसेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी सभागृहापुढे दोन्ही भये मांडली : कायदेमंडळ पक्षाच्या जोरावर हक्क तुडवील हे एक, आणि मूठभर न्यायाधीश स्वतःच्या मतांनुसार कायदे मोडीत काढतील हे दुसरे. निर्णय त्यांनी सभागृहावर सोपविला.

पुढे १९५० साली कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात न्यायालयाने बहुमताने शब्दशः अर्थ घेतला. १९७६ साली, आणीबाणीत, बंदिवानाला या कलमासाठी न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही, असे ४ विरुद्ध १ मतांनी ठरले. मग १९७८ साली मनेका गांधी यांच्या पारपत्राच्या खटल्यात अर्थ पालटला : कार्यपद्धती न्याय्य व वाजवीच हवी. कलमाचा एक शब्दही बदलला नव्हता.

१९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतील पदपथवासीयांना हुसकावण्याचा हुकूम निघाला. त्यांच्या खटल्याचा निकाल १९८५ साली लागला. पोटापाण्याचे साधन हिरावणे म्हणजे जीवितच हिरावणे, असे न्यायालयाने म्हटले. निकालपत्र लिहिले न्या. यशवंत चंद्रचूड यांनी, जे १९७६ च्या बहुमतातही होते. मात्र त्याच निकालाने पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला. पावसाळा संपेपर्यंत तेवढी सवड दिली. हक्क मिळाला, पण छप्पर राहिले नाही.

आता आमच्याकडे पाहा. पावभट्टीच्या निकालावर आम्ही गरजतो, "लोकांनी निवडून न दिलेल्या न्यायाधीशांना काय अधिकार?" पदपथाच्या निकालावर आम्हीच म्हणतो, "न्यायालयाने सरकारला आवरलेच पाहिजे." आमचे प्रतिपक्षीही हेच उलट्या क्रमाने करतात. दोघेही घटनेचा अर्थ लावीत नसतो. आपल्या सोयीला घटनेचा अंगरखा चढवीत असतो.

आमच्या मते कसोटी एकच. जो अर्थ आज आपण मागतो, तो उद्या आपल्याविरुद्ध वापरला गेला तरी मान्य करू काय? मनातून होकार आला, तर तो घटनेचा अन्वयार्थ. न आला, तर ती नुसती मागणी. मागणी करण्यात लाज नाही, आम्ही तर जन्मभर तेच केले. पण ती मागणी म्हणूनच करावी, कलमाच्या आड लपून नव्हे. यासाठी ती २१ व्या कलमाची ओळ प्रत्येकाने स्वतः वाचावी, एवढीच विनंती.