कारवानी कुत्रा

इंग्लंडात पॉइंटर नावाचा शिकारी कुत्रा असतो. झुडपात लपलेल्या पाखराचा वास आला की तो जागच्या जागी थांबतो. एक पाय वर उचलतो, नाक पाखराकडे करतो आणि हलतच नाही. मग मालक बंदूक मारतो. आपल्याकडचा कारवानी कुत्रा तसा नाही. त्याला ससा दिसला की तो सुटलाच! बंदूक लागतच नाही.

पूर्वी व्यापाऱ्यांच्या तांड्याला कारवान म्हणत. त्या तांड्याबरोबर ही कुत्री आली, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. अरबस्तानाकडचा सलुकी कुत्राही असाच दिसतो. कारवानीला मुधोळ हाउंड असेही नाव आहे. मुधोळ गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथे घोरपडे राजे होते. (आपल्या तालुक्यातल्या सेनापती कापशीलाही घोरपडेच!) राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली आणि इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला ही कुत्री भेट दिली.

या कुत्र्याचे तोंड लांब व निमुळते असते. छाती खोल असते, म्हणून दम लवकर लागत नाही. पोट आत गेलेले असते. लोकांना वाटतं उपाशी आहे, पण ते तसंच असतंय. पळताना त्याची पाठ धनुष्यासारखी वाकते आणि सुटते. एका ढांगेत चारही पाय दोनदा हवेत असतात. एकदा पाय पोटाखाली गोळा झाल्यावर आणि एकदा पुढे-मागे ताणल्यावर. चित्ताही असाच पळतो. कोल्हापूर संस्थानात पूर्वी चित्ते पाळून काळविटांची शिकार करीत.

पण हा कुत्रा उघड्या माळाचा. बिद्रीला सगळा ऊसच. उसात ससा शिरला की त्याला दिसत नाही, मग तो बांधावर नुसता बघत बसतो. ऊसतोड सुरू झाली की ससे बाहेर येतात. तेव्हा काही मोठी पोरं कुत्री सोडतात. तसे करू नये. १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, ससासुद्धा त्यात येतो.

म्हणून काहीजण त्याला दिवसभर साखळीलाच बांधतात. तेही मला पटत नाही. त्याला रोज लई पळायला लागतंय. सकाळी दोरी धरून माळावर न्यावे.

२००५ साली त्याचे पोस्टाचे तिकीट निघाले. २०१६ साली सैन्याने मुधोळची पिल्ले मेरठला शिकवायला नेली. तिथे त्यांना वासाचे काम शिकवले. म्हंजे डोळ्याच्या कुत्र्याला नाकाचे काम!