सहीचा भार

इमारतीच्या नकाशांवर ज्या सह्या आणि शिक्के पडतात ते कशासाठी, असा प्रश्न सामान्य माणसाला सहसा पडत नाही. नगरपालिकेच्या दप्तरात कागद दाखल होण्यासाठी लागणारा तो एक उपचार असावा, इतपतच त्याची समजूत असते. आणि दुर्दैवाची गोष्ट अशी की, ज्यांनी त्या सह्या करावयाच्या त्या मंडळींपैकीही काहींची समजूत याहून फारशी निराळी नसते. वस्तुतः अशी सही म्हणजे हमी होय. ‘ही तुळई हा भार पेलील, हे मी गणित करून पाहिले आहे,’ अशी ती प्रतिज्ञा होय. ती प्रतिज्ञा गणितावाचून केली गेली तर केवढा अनर्थ ओढवतो, आणि त्याचा जाब अखेर कोणाला द्यावा लागतो, याचा उलगडा अमेरिकेतील एका प्रकरणात फार स्पष्टपणे झाला. घर बांधणाऱ्याने, बांधवून घेणाऱ्याने आणि त्यात राहणाऱ्याने ते प्रकरण एकदा समजून घेण्याजोगे आहे.

मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी या शहरात हयात रीजन्सी हे बहुमजली हॉटेल १९८० साली सुरू झाले. त्याच्या प्रशस्त आणि उंच दालनात दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या पातळीवर, खाली एकही खांब न देता, छतापासून पोलादी सळयांनी टांगलेले पादचारी पूल होते. प्रत्येक पुलाची लांबी सुमारे १२० फूट होती, आणि चौथ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा पूल होता. १७ जुलै १९८१ रोजी, शुक्रवारी सायंकाळी, या दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना, आणि सुमारे दीड हजार लोक तेथे जमलेले असताना, सातच्या सुमारास चौथ्या मजल्याचा पूल आपल्या सळयांवरून निसटला, खालच्या पुलासह गर्दीवर कोसळला, आणि क्षणार्धात आनंदाच्या त्या जागी हाहाकार माजला. ११४ माणसे मृत्युमुखी पडली आणि दोनशेहून अधिक जखमी झाली.

आपल्याकडे अशी वार्ता आली की पहिला संशय सिमेंटमधील भेसळीवर आणि ठेकेदाराच्या लबाडीवर जातो, आणि तो अनेकदा खराही ठरतो. येथे मात्र नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने बारकाईने तपास केला, तेव्हा असे आढळले की पोलाद निकृष्ट नव्हते आणि कारागिरांच्या कामातही अपघात घडवील असा दोष नव्हता. दोष होता तो कागदावर, सळई आणि तुळई यांच्या एका लहानशा जोडात.

मूळ नकाशात प्रत्येक सळई छतापासून थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत अखंड होती, आणि प्रत्येक पुलाची तुळई त्या सळईवर आपापल्या नटाने स्वतंत्रपणे अडकवलेली होती. पोलादकाम करणाऱ्या कारखान्याला ही रचना गैरसोयीची वाटली, कारण चौथ्या मजल्याचा नट योग्य जागी आणण्यासाठी लांबच लांब सळईवर आटे पाडावे लागले असते, आणि उभारणीच्या वेळी ते आटे बोथट होण्याचा धोका होता. म्हणून एका सळईच्या दोन केल्या गेल्या : एक छतापासून चौथ्या मजल्याच्या तुळईपर्यंत, आणि दुसरी त्याच तुळईपासून खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत. वरकरणी पाहता यात काही बिघडले, असे कोणाला वाटू नये.

परंतु आडात सोडलेल्या दोराचे उदाहरण घेऊ. एकाच दोराला दोन भरलेले पोहरे वरखाली निरनिराळ्या गाठींनी बांधले, तर प्रत्येक पोहऱ्याची कडी आपल्यापुरता भार सोसते. आता खालचा पोहरा दोरावरून सोडवून दुसऱ्या दोराने वरच्या पोहऱ्याच्या बुडाला टांगला, तर मुख्य दोरावरील ताण पूर्वीइतकाच राहतो. वरच्या पोहऱ्याच्या कडीला मात्र दोघांचा भार वाहावा लागतो. चौथ्या मजल्याच्या तुळईचे नेमके असेच झाले. तिच्या जोडावरील भार दुप्पट झाला. शिवाय मूळचा जोडही सदोषच होता : शहराच्या बांधकाम-नियमांना अपेक्षित असलेल्या सामर्थ्यापैकी केवळ ६० टक्के त्यात भरले असते, आणि बदलानंतर जेमतेम ३० टक्के उरले. म्हणजे हे पूल पहिल्या दिवसापासूनच मृत्यूच्या उंबरठ्यावर टांगलेले होते.

इतके साधे गणित कोणीच कसे केले नाही? बदलाला अभियंत्यांच्या कचेरीने दूरध्वनीवरून संमती दिली, अशी कारखान्याची कैफियत होती. असे संभाषण झालेच नाही, असे अभियंत्यांचे म्हणणे होते. जोडाचा तपशील पोलाद घडवणाऱ्याने ठरवावयाचा असतो, अशी अभियंत्यांची समजूत होती, आणि अभियंत्यांनी तो पाहिलाच असेल, असे पोलाद घडवणाऱ्यांनी गृहीत धरले. बदललेले नकाशे अभियंत्यांच्या कचेरीत गेले आणि तपासणीचा शिक्का घेऊन परत आले. बांधकाम चालू असतानाच, ऑक्टोबर १९७९ मध्ये, याच दालनाच्या छताचा एक भाग कोसळला होता. तेव्हा सगळे जोड पुन्हा पडताळून पाहण्याची संधी चालून आली होती आणि तसे आश्वासनही दिले गेले होते. तरीही त्या एका जोडाकडे कोणाची दृष्टी वळली नाही. देखरेखीसाठी कामावर आपला माणूस कायम ठेवू द्यावा, ही आपली मागणी खर्चाच्या सबबीवर नामंजूर झाली, असे अभियंत्यांनी सांगितले. आणि ते खरे धरले तर मालकाच्या काटकसरीचाही या अनर्थात वाटा आहे.

फौजदारी खटला कोणावरही उभा राहिला नाही. मृतांचे वारस आणि जखमी यांना मिळालेली भरपाई सुमारे १४ कोटी डॉलरांच्या घरात गेली. काही आटे वाचवण्यासाठी केलेल्या बदलाची ही पैशातली किंमत, आणि माणसांची किंमत तर कोणत्याच चलनात मोजता येत नाही. परवान्यांचा प्रश्न मात्र धसास लागला. प्रदीर्घ सुनावणीनंतर १९८५ साली जॅक गिलम आणि डॅनियल डंकन या अभियंत्यांवर अक्षम्य हलगर्जीपणाचा ठपका आला आणि त्यानंतर, १९८६ च्या आरंभी, मिसुरी राज्यातील त्यांचे परवाने रद्द झाले. निवाड्याचे सार असे की, काम दुसऱ्याकडे सोपवता येते, जबाबदारी सोपवता येत नाही. ज्याचा शिक्का नकाशावर आहे, त्याने तो नकाशा तपासलेला असलाच पाहिजे. गिलम यांनी पुढे अभियंत्यांच्या सभांतून आपल्या या चुकीची हकीकत स्वतः सांगितली, हे त्यांच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे.

हा धडा आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचतो. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथील सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ जण मरण पावले, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांकडेच बोट दाखवले गेले. नव्या सदनिकांच्या बाबतीत कायद्याने आता बरेच संरक्षण दिले आहे : ज्याला सर्वजण रेरा म्हणतात त्या २०१६ च्या कायद्यान्वये, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधणीतील दोष निदर्शनास आणला, तर विकासकाने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून दिला पाहिजे. परंतु कायदा येतो तो दोष दिसल्यानंतर. आणि हयातच्या तुळईतील दोष वर्षभर त्या दालनात येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाच दिसला नव्हता.

म्हणून वाचकांना एकच विनंती करावीशी वाटते. गवंडी म्हणेल, ‘ही भिंत काढली तरी काही होत नाही.’ ठेकेदार म्हणेल, ‘खांब जरा सरकवू, गाडी लावायला जागा होईल.’ सोसायटीचे सभासद म्हणतील, ‘गच्चीवर आणखी एक टाकी बसवू.’ त्या प्रत्येक वेळी, हा बदल आर.सी.सी. कन्सल्टंटने पाहिला आहे काय, त्याचे गणित कोठे आहे, आणि त्याखाली सही कोणाची आहे, हे तीन प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत, आणि उत्तर लेखी मिळेपर्यंत भिंतीवर पहिला घाव पडू देऊ नये.