फोन शिवारात, सूनबाई घरात



बाळबांधणी झाली का, खताचा हप्ता दिला का, हे विचारायला आम्ही बांधावर येतो. आजचा विषय घरातला आहे.

गरोदर मातांसाठी केंद्र सरकारची 'किलकारी' ही मोफत सेवा २०१६ साली सुरू झाली. २०२४ पासून ती आपल्या राज्यातही आहे. आशाताईंकडे नाव व मोबाईल नंबर नोंदवला, की चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ फोन येतात. आहार, लोहाच्या गोळ्या, विश्रांती, तपासण्या, सारं त्यात सांगतात.

गोम अशी, की नंबर बहुधा नवऱ्याचा. फोन वाजतो मोटारीपाशी. 'कंपनीचा असेल' म्हणून आपण तो कापतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, एवढी साधी गोष्टही मग सूनबाईला कळत नाही. तेव्हा नंबर घरातल्या फोनचा द्या. तोडणीच्या टोळीत गरोदर बहीण असेल, तर मुकादमालाही हे सांगा. फोन फडावरही येतो.

मात्र फोन म्हणजे तपासणी नव्हे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. अंगावरून रक्त गेलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तात्काळ १०८ ला फोन लावा.

उसाच्या पाण्याची पाळी आपण चुकवत नाही. ही आठवड्याची पाळीही चुकवू नका.